त्या काठाची चावी

“...आणि कारखाना?” दाऊदचाचांनी विचारलं.

हेमांगी अडखळली.

इतका वेळ तिचं बोलणं कसं सुसाट चाललं होतं. सागवानी पेटी. वर पितळी घंटांची जोडी. उजव्या अंगाला फिरवायचा दांडा, डाव्या अंगाला आकड्याला टांगलेलं कानाचं नळकांडं, मधोमध बोलायचं काळं भोंगं. भिंतीवरचा जुना टेलिफोन, शंभरीच्या अलीकडचा-पलीकडचा. एवढं तर तिनं चपला काढायच्या आधीच दारातून सांगून टाकलं होतं.

पण कारखान्याचं नाव कुठेच नव्हतं. नावाची पट्टी नव्हती. पट्टी उखडून काढल्याची भोकंही नव्हती. नंबर नव्हता. घंटा एका तऱ्हेची, भोंगं दुसऱ्याच तऱ्हेचं. पिशवीतली तीन जाड पुस्तकं तिनं जमिनीवर पसरली, भिंग काढलं, पुन्हा फोनपाशी गेली, पुन्हा पुस्तकांपाशी आली.

“वीस मिनिटं द्या, चाचा.”

“घे की. मी ऐंशी वर्षं दिलीत त्याला.”

केळंबे खाडीच्या काठावरचं ते तरीचं खोपट. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. एके काळी इथून पलीकडे जायला होडीशिवाय वाट नव्हती. मग वरच्या अंगाला पूल झाला आणि ही होडीची तर बंद पडली. दाऊदचाचा होडेकर हे त्या तरीचे शेवटचे तांडेल, होडी नेणारे. होडी राहिली, खोपट राहिलं, आणि भिंतीवर हा फोन राहिला.

हेमांगी परचुरे पुण्याच्या एका संग्रहालयातून आली होती. जुने टेलिफोन ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. सात वर्षांत बासष्ट फोन तिनं ओळखले, त्यातला एकही चुकला नाही. आठ दिवसांनी संग्रहालयाचं नवं दालन उघडणार होतं. दारासमोरची मोठी भिंत तिनं रिकामी ठेवायला लावली होती. इथे असा फोन लावीन, जो दुसऱ्या कुणाकडेच नाही, असं ती सगळ्यांसमोर बोलून बसली होती.

चाचांना त्या फोनचे पैसे नको होते. त्यांची अट वेगळी होती. ओळख. मोडतोड न करता उघड. मग नीट राखून दाखव. तिन्ही जमलं तर ने.

वीस मिनिटांची चाळीस झाली. हेमांगीच्या कपाळावर घाम आला.

“कुणीतरी भाग बदललेत ह्याचे,” ती शेवटी म्हणाली. “अस्सल नाहीये हा.”

“हं...”

“म्हणजे, वाईट नाही. पण...”

“फोनकडे पाठ कर,” चाचा म्हणाले.

“काय?”

“पाठ कर गो. किती बघशील त्याच्या तोंडाकडे?”

ती वैतागून वळली.

समोरच्या भिंतीत एक खिडकी होती. चौकोनी, हातभर रुंद. खिडकीत खाडी. खाडीच्या पलीकडे माडांची रांग. आणि माडांखाली, अगदी चौकटीच्या मधोमध, जांभ्याचं एक खोपट. त्यालाही हातभर खिडकी.

ती खिडकी इकडेच बघत होती.

हेमांगी खिडकीपाशी गेली.

“तिथे... तिथेही आहे?”

“आहे.”

“म्हणजे हा एक्स्चेंजला जोडलेला नव्हताच?”

“कशाला जोडायचा? इथला दांडा फिरवला की तिथली घंटा वाजायची. तिथला फिरवला की इथली. ‘होडी पाठवू का?’ एवढंच तर बोलायचं. दोघं जण. नंबर कुणाला लावायचा?”

“आणि बनवला कुणी?”

“मुंबईच्या गोदीत मोडीत निघालेलं सामान होतं. कुणी मिस्त्री आला, त्यातनं दोन पेट्या बांधल्या, तार टाकली, जेवला आणि गेला. नाव काय त्यानं लिवलं नाय.”

तिनं हळूच मागे वळून फोनकडे बघितलं. आतापर्यंत पाहिलेले बासष्टच्या बासष्ट फोन तिला आठवले. त्यातला प्रत्येक जण हजारोंशी बोलू शकत होता. हा सबंध आयुष्य एकाशीच बोलला होता. “एकाशीच...” ती म्हणाली. आवाज आपोआप खाली गेला, देवळात जातो तसा.

“ओळखलास,” चाचा म्हणाले.

“तुम्ही सांगितलंत.”

“मी वळ म्हटलं फक्त.”

आता कुलूप. पेटीच्या झाकणात बसवलेलं छोटं कुलूप, भोक जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. हेमांगीनं चाव्यांचा जुडगा काढला. जुन्या फोनच्या पेट्यांना लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या चाव्या तिच्याजवळ होत्या. एकेक लावून बघितली. मग वाकड्या तारा लावून बघितल्या. उन्हं खिडकीतून आत सरकली, तिच्या पाठीवर आली. कुलूप हललं नाही.

चाचा दारात बसून जाळं विणत होते. जाळ्याचा त्यांना आता काही उपयोग नव्हता. हातांना होता.

हेमांगीनं पिशवीतून गिरमिट काढलं.

“एकच भोक. बारीक,” ती म्हणाली. “नंतर मेण भरीन. रंग असा मिळवीन की कळणारसुद्धा नाही.”

“कुणाला?”

गिरमिट तिच्या हातातच राहिलं.

“मग चावी कुठे आहे, चाचा?”

चाचांनी हनुवटीनं खिडकीकडे खूण केली.

“तिकडे?”

“ह्या पेटीची चावी त्या काठाला. त्या पेटीची ह्या काठाला. पहिल्यापासनं नव्हतं तसं. नंतर केलं.”

“का?”

चाचांनी जाळं बाजूला ठेवलं.

“माझा मामू पहिला तांडेल. दुपारचा त्याला जेवून आडवं व्हायची सवय. ही घंटा झोपू देईना. तर त्यानं पेटी उघडून घंटेच्या बारक्या हातोडीला आतून चिंधी बांधली. एक दिवस बांधली, दोन दिवस बांधली... तिसऱ्या दिवशी त्या काठाला एकाला पान लागलं, साप डसला. तिकडचे दांडा फिरवतायत, फिरवतायत. इकडे मामू झोपलेला.”

“आणि तो माणूस?”

खाडीवरून एक बगळा गेला, तो दिसेनासा होईपर्यंत चाचांनी बघितला.

“मामूनं स्वतःच चावी काढून त्या काठाला नेऊन दिली,” ते म्हणाले. “त्या काठाच्यांनी त्यांची मामूच्या हातात ठेवली. तेव्हापासनं आपली पेटी आपण एकट्यानं उघडायची नाय. त्या काठाचं माणूस यायचं, उघडायचं, पुढ्यात उभं राहायचं, बंद करून जायचं.”

“मी गाडी काढते. पुलावरून अर्ध्या तासात आणते चावी.”

“गाडीनं आलेल्याला तिथली बाय चावी देत नाय,” चाचा उठले. “वल्हं मारता येतं का?”

येत नव्हतं. होडी दोनदा गोल फिरली. हेमांगीची ओढणी भिजली, तळहात लाल झाले.

“पाण्याला मारू नको गो,” चाचा मागून म्हणाले. “त्यानं काय केलंय तुझं?”

अर्ध्या खाडीत आल्यावर तिनं दोन्ही बाजूंना बघितलं. दोन खोपटं, दोन खिडक्या, आणि मधे एवढं पाणी. ह्या पाण्यावरून एके काळी माणसांचे आवाज ये-जा करत होते. एका तारेवरून, वाऱ्यातून, भरतीवरून. वल्हं मारायचं ती विसरली.

“होडी वाहत चाललीय,” चाचा म्हणाले.

पलीकडे चाचा उतरले नाहीत. “तू विचार. मी इथेच.”

खोपटाच्या ओट्यावर एक म्हातारी कोकमं सोलत होती. बोटं लालभडक. ही सुभद्राबाय. त्या काठाचा फोन आधी तिच्या सासऱ्याकडे होता, मग तिच्याकडे आला. हेमांगीनं आत नजर टाकली. भिंतीवर तीच पेटी, त्याच घंटा. भोंग्यावर धुतलेला पांढरा रुमाल बांधलेला. खाली एक कोंबडी अंड्यावर बसलेली.

“मावशी, त्या काठाच्या पेटीची चावी हवी होती.”

“काय बिघडलंय?”

“बिघडलं नाही. आतून बघायचाय.”

“बघायला चावी लागत नाय. खिडकीतनं बघ.”

“मी संग्रहालयातून आलेय. मला ह्यातली माहिती आहे. सात वर्षं मी...”

“बरं,” सुभद्राबाय म्हणाली आणि पुढचं कोकम उचललं.

हेमांगी उभी राहिली. कोंबडीनं तिच्याकडे मान वाकडी करून बघितलं. खाली होडीत चाचा पाठ करून बसले होते. पुण्यातली ती रिकामी भिंत तिच्या डोळ्यांसमोर आली. सगळ्या चाव्या डोळ्यांसमोर आल्या, गिरमिट आलं.

“मावशी...” तिचा आवाज बारीक झाला. “मला उघडता येत नाहीये.”

सुभद्राबायनं हात थांबवला.

“हे बिघडलंय होय!” ती म्हणाली. “मग तसं सांगायचं. थांब, हात धुते.”

“तुम्ही चावी दिलीत तरी चालेल, मी परत...”

“चावी द्यायची नसते गो बाय. चावीबरोबर यायचं असतं.”

तिनं आत जाऊन चुलीवर वाटीभर तांदूळ लालसर भाजले, निवू दिले, फडक्यात बांधले. मग ती पुरचुंडी कमरेला खोचून काष्टा सावरत होडीत येऊन बसली. चावी तिच्या गळ्यात होती, काळ्या दोऱ्यात, मण्यांच्या शेजारी.

“काय दाऊदभाय, जिवंत आहात?”

“तुझी शिवी ऐकायला राहिलोय.”

“पूल झाल्यापासनं एक चांगली शिवी दिली नाय मी कुणाला. तोंड गंजलं.”

“तरी म्हटलं, खाडीला मासळी कशी वाढली.”

सुभद्राबाय हसली. होडी सरळ गेली. वल्हं आता तिनं घेतलं होतं.

खोपटात आल्यावर चाचा फोनच्या डाव्या बाजूला उभे राहिले, सुभद्राबाय उजव्या. कुणी सांगितलं नव्हतं. पायांनाच त्यांच्या जागा माहीत होत्या.

चावी फिरेना. सुभद्राबायनं खोबरेल मागितलं.

“खोबरेल नको,” हेमांगी पटकन म्हणाली. “ते पुढे चिकट होतं. माझ्याकडे शिलाईयंत्राचं तेल आहे.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“घाल,” चाचा म्हणाले. “तुझंही काय तरी चालू दे.”

तिनं दोन थेंब सोडले. थांबले सगळे. खाडीचं पाणी दगडांवर चुबुक चुबुक करत होतं. मग सुभद्राबायनं चावी पुन्हा धरली, आणि काडी मोडल्याएवढा बारीक आवाज झाला.

झाकण उघडलं.

आतून एक वास आला. लाकडाचा, जुन्या तेलाचा, करपलेल्या तांदळाचा. हेमांगीनं विजेरी लावली, आणि ती आत डोकावली.

बाहेरून खाऱ्या वाऱ्यानं काळवंडलेली ती पेटी आतून जशीच्या तशी होती. तांब्याच्या तारेवर हिरवं रेशीम गुंडाळलेलं, त्याचा हिरवा रंगसुद्धा उडाला नव्हता. चाकाचे दात तेलानं ओले. नालाच्या आकाराचे पाच लोहचुंबक ओळीनं बसलेले. पिशवीतला एक सुटा खिळा तिनं तळहातावर घेतला. तिनं हात जवळ नेला, तर तो खिळा उठला आणि टक् करून चुंबकाला जाऊन चिकटला.

तिनं दचकून हात मागे घेतला.

“अजून...” ती कुजबुजली. “इतकी वर्षं... अजून ओढतोय.”

“त्याला कुणी सांगितलं नाय पूल झाल्याचं,” सुभद्राबाय म्हणाली.

तळाशी तांदळाची एक जुनी पुरचुंडी होती, दाणे कोळशासारखे काळे पडलेले. आतली ओल ते शोषून घेत. दर वर्षी त्या काठाचं माणूस यायचं ते ताजे भाजलेले तांदूळ घेऊन. सुभद्राबायनं कमरेची पुरचुंडी काढून तिथे ठेवली.

हेमांगी कामाला लागली. मऊ कुंचल्यानं धूळ काढली. जिथे हिरवट गंज चढला होता तेवढाच काडीनं खरवडला. नवे दोन मोठे सेल जोडले. पितळ घासायचा मसाला तिनं पिशवीतून काढला, आणि दांड्याकडे तिची नजर गेली. दांड्याचा मधला भाग मुठीच्या आकारात झिजला होता आणि काळा पडला होता. त्यात एका बाजूला अंगठ्याएवढा खोलगट खळगा.

तिनं मसाल्याची डबी न उघडताच परत ठेवली. चाचांनी ते बघितलं.

भोंग्यातला, आवाज पकडणारा कोळशाचा भुगा ओलीनं घट्ट झाला असणार, हे तिला माहीत होतं. कसा मोकळा करावा याचा ती विचार करत होती, तेवढ्यात चाचांनी पुढे होऊन भोंग्यावर नखानं तीनदा टिचकी मारली. बस, तेवढंच.

मग लाकडाला पातळसं मेण लावलं. झाकण बंद झालं. सुभद्राबायनं चावी फिरवली आणि गळ्यात टाकली.

“शब्द तो शब्द,” चाचा म्हणाले. “ओळखलास, उघडलास, राखलास. ने आता.”

हेमांगीला वाटलं होतं, हे ऐकून आपण उडी मारू. तिनं पेचकस घेतला. भिंतीतला वरचा स्क्रू अर्धा वेढा फिरवला. मिठाची पांढरी भुकटी खाली सांडली.

मागे हालचाल झाली. सुभद्राबाय गळ्यातला दोरा काढत होती.

“धर. मग ही माझ्याजवळ कशाला?”

चाचांनी आढ्याजवळच्या खुंटीवरून दुसरी चावी काढली. “आणि ही. तिच्या पेटीची. तीही ने. सुटा कशाला नेतेस?”

दोन म्हातारे हात तिच्यासमोर उघडे होते. रुसवा नव्हता, राग नव्हता. दोघांनी एकमेकांकडे बघायचं मात्र टाळलं होतं.

हेमांगीनं दोन्ही चाव्यांकडे बघितलं. जोडी! जगात कुठल्या संग्रहालयात अशी जोडी असेल?

“मोठी भिंत आहे,” ती भारावून म्हणाली. “दारासमोरच. दोन्ही छान शेजारी शेजारी...”

“शेजारी शेजारी?” सुभद्राबायला हसू फुटलं. तोंडावर पदर धरला तरी थांबेना. “अगो, मग त्यांनी बोलायचं काय?”

हेमांगी तिच्याकडे बघत राहिली.

मग तिची नजर खिडकीतून बाहेर गेली. ऊन कलतं झालं होतं. खाडी चांदीच्या ताटासारखी झाली होती, आणि तिच्या पलीकडे ती हातभर खिडकी लखलखत होती. काठावरच्या लाकडी खांबावरून तुटकी तार खाली आली होती, पाण्यात शिरली होती. तिचं दुसरं टोक कुठे होतं ते दिसत नव्हतं. पाण्याखाली कुठेतरी असणार.

हेमांगीनं पेचकस पुन्हा स्क्रूच्या खाचेत बसवला. अर्धा वेढा उलटा फिरवला. मग आणखी थोडा, घट्ट होईपर्यंत. चावीवर सुभद्राबायची बोटं तिनं स्वतःच्या हातानं मिटली. चाचांच्या हातातली चावी घेऊन खुंटीला अडकवली.

मग ती मटकन खाली बसली. आठ दिवस. सगळ्यांसमोर बोललेलं ते वाक्य. ती मोठी, पांढरी, रिकामी भिंत...

“चाचा,” तिनं विचारलं. डोळे भरून आले होते. “मग मी काय घेऊन जाऊ?”

चाचांनी आकड्यावरून कानाचं नळकांडं काढलं. तिला खुणेनं उभं केलं आणि ते तिच्या कानाला लावलं.

आधी काही नाही. मग बारीक खरखर, खाऱ्या पाण्यातून तार ओढत आणल्यासारखी. त्या खरखरीच्या आत, खूप लांबून यावं तसं, काहीतरी हळूहळू वर येत होतं आणि खाली जात होतं. वर... खाली... तिनं श्वास रोखला. ते थांबलं. सोडला. ते पुन्हा सुरू झालं. भोंगं तिच्या तोंडासमोर होतं.

“कोण आहे?” चाचांनी विचारलं.

“कुणी नाही...” ती पुटपुटली. “मीच आहे.”

चाचांनी खोपटाच्या कोपऱ्यातलं वल्हं उचललं.

“मग तिला घेऊन जा. आधी विचार की तिला... होडी पाठवू का?”